अण्णांच्या कॉटशेजारचे सतरा दिवस

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

 

आज पाहुणे कुणी नाहीत. मी एकटीच बोलणार आहे. विषय असा की, घरातलं म्हातारं माणूस हॉस्पिटलात ॲडमिट असतं, तेव्हा त्याच्या शेजारी जे कुणी बसलेलं असतं, त्याचा दिवस कसा जातो. डॉक्टर काय करतात, यावर व्हिडिओ पुष्कळ आहेत. पण कॉटखाली चटई टाकून झोपणाऱ्यानं काय करायचं, हे सांगणारं फारसं कुणी भेटत नाही. आपल्यातले बरेचजण पंचविशी-तिशीतले. आईवडील साठीच्या, सत्तरीच्या पुढे गेलेले. म्हणजे ही ड्युटी आज ना उद्या आपल्याला लागणारच आहे. इअरफोन लावा आणि निवांत ऐका.

आधी थोडी माहिती. आमचे अण्णा ७९ वर्षांचे. गडहिंग्लज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते, रिटायर होऊन वीस वर्षं झाली. ऑक्टोबरच्या शेवटी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापूरला आणलं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका हॉस्पिटलचा नाही. सतरा दिवस आम्ही तिथं होतो. मी पुण्यात नोकरी करते. दादा मस्कतला. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळं ती राजारामपुरीत आत्याकडं राहायची आणि दुपारी येऊन बसायची. रात्र मात्र माझी.

पहिला प्रश्न होता ऑपरेशन करायचं की नाही. बघायला आलेला प्रत्येक पाहुणा एकच वाक्य बोलायचा, 'या वयात कशाला चिरफाड?' ऐकून आपण हलतो. म्हणून मी डॉक्टरांना सरळ विचारलं, ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांना ठाऊक असावं असं आहे. खुब्याचं हाड मोडलेला माणूस दुखण्यामुळं कुशीवर वळू शकत नाही, उठून बसू शकत नाही. पडून राहिला की छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो. पाठीला जखमा होतात. पायात रक्ताच्या गाठी होतात. म्हणजे धोका नुसत्या हाडाचा नाही, पडून राहण्याचा आहे. ऑपरेशन माणूस पळावा म्हणून नसतं, उठून बसावा म्हणून असतं. आणि ते शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हावं, असं बघतात.

दादाचं म्हणणं, पुण्याला हलवू या. फोनवर तो रडकुंडीला आला होता. लांब असलेल्या माणसाला काहीतरी मोठं करायचं असतं, कारण छोटं काही करता येत नाही. मी डॉक्टरांचा आणि त्याचा फोनवर बोलणं करून दिलं. अण्णांची साखर ३०० च्या वर होती, ती खाली आणायला आणि हृदयाची तपासणी करायला वेळ लागणार होता. तेवढ्यात मोडक्या खुब्यानं ॲम्ब्युलन्समधून चार-पाच तास धक्के खात न्यायचं? दादा गप्प झाला. म्हणाला, 'तू आहेस तिथं. तू ठरव.' तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. अर्धा सांधा बदलला. दुसऱ्या दिवशी फिजिओनं त्यांना वॉकर धरून उभं केलं, तेव्हा सगळ्यात जास्त मी घाबरले होते.

आता रोजचा दिवस. सकाळी साडेपाचला सिस्टर रक्त घ्यायला येतात, लाइट लागतो, झोप संपली. सहाला मावशी झाडायला येतात, म्हणजे चटई गुंडाळायची. साडेसहाच्या आत बाथरूम उरकायचं, नंतर रांग लागते. सातला अण्णांचं तोंड धुणं, दात काढून घासणं. साखर तपासून इन्सुलिन झालं की चहा, बिस्कीट. नऊ ते अकराच्या मध्ये राउंड.

ही राउंड म्हणजे दिवसातली सगळ्यात महत्त्वाची चार मिनिटं. मोठे डॉक्टर येतात, मागं पाच-सहाजण, फाइल बघतात, 'ओके, चांगलंय' म्हणतात आणि पुढच्या कॉटवर. तुम्ही तोंड उघडेपर्यंत गेलेले असतात. म्हणून मी फोनच्या नोट्समध्ये रात्रीच तीन प्रश्न लिहून ठेवायची. तीनच. चौथ्याला कुणी थांबत नाही. आज काय बदललं, उद्या काय होणार, आणि मी कशावर लक्ष ठेवायचं. शेवटचा प्रश्न विचारला की डॉक्टर मान वर करून बघतात. त्याच नोटमध्ये रोजची लघवी किती, संडास झाली का, जेवण किती गेलं, ताप किती, हे पण. रोज संध्याकाळी तीच नोट दादाला आणि आत्याला पाठवायची. त्यामुळं दिवसाचे पंधरा 'आता कसं आहे' फोन बंद झाले. चुलत्यांचे मात्र चालू राहिले, त्यांना इलाज नाही.

काही कामं आपली असतात, ती कुणी सांगत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं. ऑपरेशनच्या पायाला कसं वळवायचं, हे आधी फिजिओकडून शिकून घ्यायचं, अंदाजानं नाही. माझ्या फोनवर दोन-दोन तासांचे अलार्म होते. खायला घालताना पाठ उंच करायची आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तशीच ठेवायची, आडवं असताना घास द्यायचा नाही, ठसका लागून अन्न छातीत जातं. आणि ते तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र देतात ना, श्वासाच्या व्यायामाचं? वॉर्डातली निम्मी माणसं त्यात फुंकत असतात. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. श्वास आत ओढला की गोळ्या वर जातात. हे मी शेजारच्या चार कॉटवर सांगितलं, तेव्हापासून मला तिथं 'मास्तरांची पोरगी' म्हणून मान मिळाला.

दुपारी आई डबा घेऊन यायची. मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी. आई आली की मी जिन्याखाली लॅपटॉप उघडून बसायची, कारण वॉर्डात एकच प्लग आणि त्याला आठ चार्जर. मॅनेजरला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, की दुपारी दोन ते सहा मी कामाला आहे, बाकी वेळ धरू नका. चार दिवस सुट्टी, बाकी अर्धे दिवस. सगळ्यांना असं जमत नाही. पलीकडच्या कॉटवरच्या आजोबांचा मुलगा हातावर पोट असलेला होता. तो दिवसा सेंट्रिंगच्या कामाला जायचा आणि रात्री येऊन बसायचा. दिवसा त्याच्या वडिलांना पाणी कोण द्यायचं? मी, आई, नाहीतर अजून पलीकडची वहिनी. हॉस्पिटलात पाहुण्यांपेक्षा शेजारची कॉट जास्त कामाला येते.

आता जरा अवघड गोष्ट. तो पुरुषांचा वॉर्ड. पहिल्याच संध्याकाळी मला सांगण्यात आलं, 'रात्री जेंट्स नातेवाईक ठेवा.' जेंट्स नव्हता. पैसे देऊन रात्रीचा माणूस ठेवता येतो, पण नवीन माणसाला अण्णांचं बोलणं कळत नाही, दात काढलेले असले की मलाच कसंबसं कळतं. मी मेट्रनना भेटले, परिस्थिती सांगितली, अर्ज लिहून दिला. परवानगी मिळाली. शेजारच्या कॉटवाल्यांनीच पडदा ओढून घेतला. कुणाला काही अडचण नव्हती.

अडचण अण्णांना होती. आयुष्यभर धोतर-सदरा, टोपी, पोरांनी बघून उभं राहायचं असा माणूस. कॅथेटर काढल्यावर युरिन पॉट लावायची वेळ आली, तर ते भिंतीकडं बघायला लागले. मामांना बोलवा म्हणाले. वॉर्डबॉय मामा तीन वॉर्डांना एक. एकदा वीस मिनिटं थांबले अण्णा. घामानं भिजले. मग मी एक पद्धत बसवली. चादर गळ्यापर्यंत ओढायची, पॉट चादरीखालून द्यायचा, आणि मी तोंड दुसरीकडं करून काहीतरी बोलत राहायची. ऊसदराचं, एसटीचं, काहीही. ते उत्तर द्यायचे. त्या बोलण्याच्या आडोशानं काम व्हायचं. चौथ्या दिवशी म्हणाले, 'लहानपणी तुझं मी केलंच की. झाली फिट्टंफाट.' त्यानंतर विषय संपला. आजारी माणसाची लाज आपण सांभाळली, तर तो आपली मदत घेतो. नाहीतर तो पाणी प्यायचंच बंद करतो, उठावं लागू नये म्हणून. हे फार म्हातारी माणसं करतात. लक्ष ठेवा.

ऑपरेशननंतरची दुसरी रात्र. दोन वाजले असतील. अण्णा उठून बसायचा प्रयत्न करत होते आणि हजेरी घेत होते. खरंच. एकेका पोराचं नाव, खड्या आवाजात. मला म्हणाले, 'तुम्ही कोण? इन्स्पेक्शनला आलाय का?' माझ्या पोटात गोळा आला. स्वतःच्या बापानं आपल्याला 'तुम्ही कोण' विचारणं, त्याची तयारी कुणाचीच नसते. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला, आता हे असंच राहणार.

याला डिलिरियम म्हणतात. मराठीत आपण भ्रम म्हणतो, 'वातात बोलतात' पण म्हणतात. म्हाताऱ्या माणसांत मोठ्या ऑपरेशननंतर, खास करून खुब्याच्या, हे बऱ्याचदा होतं. हे वेड नाही, आणि स्मृतिभ्रंशाचा आजार पण नाही. अचानक येतं, दिवसभर कमी-जास्त होतं, संध्याकाळनंतर वाढतं. त्याच्यामागं बहुतेक काहीतरी कारण असतं. जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, चार दिवस न झालेली संडास, क्षार कमी होणं, दुखणं, एखादं औषध, झोप न होणं. म्हणून 'म्हातारपण आहे' म्हणून सोडून द्यायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. आणि याचा दुसरा प्रकार शांत असतो. माणूस नुसता गुंगीत पडून राहतो, बोलत नाही. लोकांना वाटतं आराम चाललाय. तो जास्त निसटतो.

त्या रात्री अण्णांनी सलाईनची सुई ओढली. ड्युटीवरचा ब्रदर म्हणाला, हात बांधावे लागतील. त्याचंही चूक नव्हतं, त्याला चाळीस पेशंट होते. पण बांधलं की माणूस आणखी बिथरतो, हे मी त्याच्याशी बोलताना समोर बघत होते. मी म्हटलं, 'मला अर्धा तास द्या. मी जागी आहे.' चष्मा घातला. कानाचं मशीन लावलं, ते रात्री काढून डबीत ठेवलं होतं. पायाकडचा एक छोटा लाइट लावला. आणि वाद घातला नाही. 'अण्णा, ही शाळा नाही' म्हटलं तर ते चिडत होते. म्हणून म्हटलं, 'गुरुजी, हजेरी घ्या सावकाश.' त्यांनी पुढचं नाव पुकारलं. आणि पलीकडच्या कॉटवरून त्या सेंट्रिंगवाल्याच्या वडिलांचा आवाज आला, 'हजर, गुरुजी.' पुढच्या नावाला खिडकीकडचा एकजण म्हणाला, 'हजर.' पाच-सहा नावं झाली. मग अण्णा म्हणाले, 'बसा,' आणि स्वतःच आडवे झाले. हात बांधायची गरज पडली नाही.

सकाळी तपासणीत लघवीत जंतुसंसर्ग निघाला. अँटिबायोटिक सुरू झालं. दिवसा कॉट खिडकीकडं फिरवली, भिंतीवर कॅलेंडर आणि मोठं घड्याळ लावलं, दुपारची झोप कमी केली, आई रोज पेपर वाचून दाखवायला लागली. चार दिवसांत अण्णा परत आले. त्यांना त्या रात्रीचं काही आठवत नाही. वॉर्डाला आठवतं.

आता पैशाचं, कारण त्याशिवाय हा विषय अर्धा राहतो. माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील होते. तीन गोष्टी सांगते.

पहिली, खोलीच्या भाड्याची मर्यादा. समजा पॉलिसीत दिवसाला ४००० ची मर्यादा आहे आणि तुम्ही ६००० ची खोली घेतली. तुम्हाला वाटेल वरचे २००० आपण भरू. तसं नसतं. अनेक पॉलिसींमध्ये डॉक्टरांची फी, थिएटरचा खर्च हे पण त्याच प्रमाणात कापतात, म्हणजे एक तृतीयांश तुमच्या खिशातून. औषधं आणि सांध्याची किंमत यातून वेगळी असते. आम्ही जनरल वॉर्डात राहिलो त्याचं हे एक कारण. दुसरं कारण तुम्ही आत्ताच ऐकलं, स्पेशल रूममध्ये 'हजर' म्हणायला कोण होतं?

दुसरी गोष्ट, डिस्चार्ज. विमा नियामकानं मे २०२४ मध्ये सांगितलंय, की कॅशलेसची सुरुवातीची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. पण हे घड्याळ हॉस्पिटलनं बिल पाठवल्यावर सुरू होतं. आमचं बिलच दुपारी अडीचला गेलं, त्यामुळं घरी निघेपर्यंत संध्याकाळ झाली. म्हणून डिस्चार्ज उद्या आहे म्हटलं की आदल्या दिवशीच बिलिंगला जाऊन काय राहिलंय विचारा. न वापरलेली औषधं परत करायची असतात, ती पावती आधी करा. आणि सगळे कागद देण्याआधी फोनवर स्कॅन करून ठेवा.

तिसरी, विमा नसेल तर. सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. योजना ऑक्टोबर २०२४ पासून आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत, यादीतल्या हॉस्पिटलात. आधार लागतं, फोनवरून निघतं. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. आणि राज्यातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथं वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांना भेटायचं. सेंट्रिंगवाल्या त्या पोराला हे माहीतच नव्हतं. पाचव्या दिवशी आम्ही दोघं त्या खिडकीवर गेलो. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, दोन फेऱ्या, आणि त्याचं बिल बरंच खाली आलं. कार्ड माणूस पडायच्या आधी काढा. हा भाग संपला की आज रात्रीच बघा.

आणि एक बारीक गोष्ट. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. अण्णा कॉटवर. मी बँकेत जाऊन सांगितलं, तर बँकेचा माणूस वॉर्डात येऊन सही घेऊन गेला. ज्यांचं पेन्शन 'जीवन प्रमाण' पद्धतीत बसतं, त्यांना फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून पण हे करता येतं. सही करताना अण्णा म्हणाले, 'जिवंत आहे म्हणून लिहून देतो. पुढच्या वर्षी परत या.'

स्वतःबद्दल पण बोलते. सातव्या-आठव्या दिवशी मी चिडचिडी झाले होते. अण्णांनी तिसऱ्यांदा पाणी मागितलं की मनात राग यायचा, आणि रागाचीच लाज वाटायची. तुम्हाला असं झालं तर तुम्ही वाईट नाही, तुमची झोप झालेली नाही. मी आतेभावाला फोन केला. दर तिसऱ्या रात्री तो यायला लागला आणि मी आत्याकडं जाऊन आठ तास मेल्यासारखी झोपायची. मदत मागताना 'कधीतरी ये' म्हणू नका. वार सांगा, वेळ सांगा. 'गुरुवारी रात्री नऊला ये' म्हटलं की माणसं येतात. दादालाही काम दिलं. रोज रात्री आठला तो व्हिडिओ कॉलवर अण्णांशी वीस मिनिटं बोलायचा आणि विम्याची सगळी मेलामेली बघायचा. तेव्हापासून त्याचं 'पुण्याला हलवू' बंद झालं.

अण्णा आता घरी आहेत. वॉकरनं अंगणापर्यंत जातात. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्यात, घसरणारी फरशी बदललीय, रात्री तिथं लाइट चालू असतो. पूर्वीसारखे ते होतील का? डॉक्टर म्हणतात, महिने लागतील, आणि थोडं कमीच राहील. आम्ही ते मान्य केलंय. ते मात्र मानत नाहीत, त्यांना गुढीपाडव्याला मारुतीच्या देवळापर्यंत चालत जायचंय.

तर मंडळी, तुमच्यातलं कुणी हे आत्ता खरंच वॉर्डात बसून, एक कान उघडा ठेवून ऐकत असेल, तर पाणी प्या, काहीतरी खाऊन घ्या. आणि शेजारच्या कॉटवाल्याचं नाव विचारा. एकटी राहणारी म्हातारी माणसं ओळखीत असतील, तर ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७ त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. तुमच्या वॉर्डातले अनुभव मला व्हॉइस नोटनं पाठवा, नाव सांगायची गरज नाही. पुढच्या भागात घरी आणल्यानंतरच्या तीन महिन्यांबद्दल, आणि काळजी घेणाऱ्या आयांबद्दल बोलू.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि घेणाऱ्याचीही घ्या.